पांढरी

आवर्तन बंद झालं की कालव्याच्या पोटात उतरता येतं.
पौषातली सकाळ, गिरणेवरून येणारं कापरं वारं,
आणि माझ्यापुढे उखर्डू भोई, निवृत्त पाटकरी,
कानाला उपरणं, हातात खुरपं.
आंबोण्याची जुनी पांढरी इथेच मधोमध चिरली
कालवा खणताना. तो तेव्हा चौदाचा,
रोजावर घमेली वाहत होता.
कितीक घमेल्यांत काय गेलं, ते आता मोजतो.

कापलेल्या कडेत दिसतं ते असं:
वर हातभर आमची माती,
तिच्यात गुटख्याच्या पुड्या, बांगडीची काच, एक हवाई चप्पल.
खाली राख. राखेखाली चोपलेली जमीन.
तिच्याखाली पुन्हा राख,
मग गाळाचा बोटभर पट्टा, गुळगुळीत,
कुठल्याशा पुराने एका रात्रीत आणून ठेवलेला,
आणि त्याच्याही तळाला करडी खापरं,
ज्यांतल्या एकावर काळ्या रंगात कुणी मासा काढलाय.
किंवा कोयता. आमचं अजून एकमत नाही.
"मासाच शे," तो म्हणतो.
भोयाच्या पोराला दुसरं काय दिसणार.

शाळेत मी हडप्पा शिकवते, रंगीत चित्रांसकट.
पुस्तकात आंबोणं नाही.
कचेरीला पत्र धाडलं होतं. उत्तर आलं.
उत्तरात जावक क्रमांक होता.

त्याच्या आधीची चार भावंडं जगली नाहीत,
म्हणून आईने बाराव्या दिवशी त्याला उकिरड्यावर ठेवला,
आणि शेजारणीने, जणू सापडलाच, असा उचलून
पायलीभर दादर घेऊन परत विकला.
हे तो सांगतो खापर पुसता पुसता,
थुंकी लावून, अंगठ्याने,
आणि मधेच थांबतो:
"हाई देख. कोन्हं बोट शे?"
काठाखाली, मडकं ओलं असताना दाबलेलं, नखासकट.
मी माझं बोट लावून पाहिलं. माझं मोठं पडलं.
एखाद्या पोरीचं असेल,
किंवा घाईत असलेल्या किरकोळ बाईचं.

चिठ्ठ्या मी लिहिते, अक्षर बरं म्हणून.
मला हवी असते खोली, थर, रंग, जाडी.
तो सांगतो: भिला तात्याचा बांध, मंगळवार,
तात्या शिव्या देत होता.
मी दोन्ही लिहिते.

रात्री ट्रॅक्टर येतात.
पांढरीची माती धाब्यावर टाकली की गळत नाही,
हल्ली वीटभट्टीलाही जाते. कुणाला बोलायचं?
आमच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीतून
एक खापर अर्धं बाहेर आलंय,
कैक वर्षं मी त्याला पिशवी अडकवतेय.

यंदा कालव्याला सिमेंटचं अस्तर.
मुकादमाने चार दिवस दिले, तिसऱ्या दिवशीच मिक्सर आला.
आम्ही कळण्याची भाकरी खात काठावर बसून पाहिलं
राख, जमीन, राख, गाळ, मासा
खालून वर एकेक बुजताना.
उखर्डूबाबा काही बोलला नाही. ठेचा तिखट झालाय, एवढंच.

परवा गोजराबाईने घर सारवायला काढलं
आणि बिस्किटांचे तीन डबे उकिरड्यावर रिते केले.
मी धावत गेले तर तो आधीच तिथे,
उकिडवा, शांतपणे वेचत,
कोंबड्यांना हाकलत.
चिठ्ठ्या भिजल्या होत्या, तात्याच्या शिव्याही.
संध्याकाळी डबे परत भरले, थोडे जास्तच.
एक तुकडा मी बाजूला काढला:
पांढऱ्या कपाचा कान, निळी रेघ,
गेल्या आखाजीला त्याच्याच नातवाने फोडलेला.
"बाबा, हा आपला."
त्याने तो हातात घेतला, उलटा केला,
बोटाची खूण शोधली. नव्हती.
"र्‍हाऊ दे," म्हणाला. "लिख."
काय लिहू?
"आजनं."